शवविच्छेदन : विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर

घरातील माणूस अचानक दगावला, पोलिसांनी पंचनामा केला आणि शवविच्छेदन करावे लागेल असे सांगितले की, ते शब्द कुटुंबावर दुसऱ्या आघातासारखे कोसळतात. "माणूस तर गेलाच, आता चिरफाड कशासाठी?" हा प्रश्न खेड्यातील अंगणात विचारला जातो, तसाच मुंबईतील रुग्णालयाच्या व्हरांड्यातही विचारला जातो. त्यामागे दुःख असते, मृताविषयीचा आदर असतो आणि अंत्यसंस्कार वेळेवर व्हावेत ही रास्त इच्छाही असते. म्हणूनच या प्रश्नाचे सरळ उत्तर देणे हे वैद्यकशास्त्राचे, तद्वतच शासनयंत्रणेचेही कर्तव्य ठरते.

शवविच्छेदन दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार रोगाच्या अभ्यासासाठी केल्या जाणाऱ्या शवविच्छेदनाचा. रुग्णालयात मृत्यू पावलेल्या रुग्णाचे निदान बरोबर होते की नाही, रोगाने कोणत्या अवयवात काय बदल घडवले, हे त्यातून समजते. त्यासाठी नातेवाइकांची संमती लागते. दुसरा प्रकार न्यायवैद्यकीय शवविच्छेदनाचा. अकस्मात, संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू घडल्यास कायद्याच्या आदेशाने ते केले जाते. तेथे नातेवाइकांच्या संमतीचा प्रश्न उद्भवत नाही. कारण मृत्यूचे कारण समजणे ही केवळ त्या कुटुंबाची नव्हे, तर समाजाचीही गरज असते.

या दुसऱ्या प्रकाराविषयी जनमानसात दोन टोकांच्या समजुती आढळतात. काहींना तो निव्वळ सरकारी सोपस्कार वाटतो. काहींना वाटते की, डॉक्टरांनी शरीर उघडले की मृत्यूचे रहस्य आपोआप बाहेर पडते आणि अहवालात जे लिहिले जाते ते अंतिम सत्य असते. वस्तुतः दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. शवविच्छेदन म्हणजे मृतदेहाला विचारलेला एक प्रश्न होय. तो वेळेवर विचारला, योग्य रीतीने विचारला आणि त्याच्यासोबत खरी माहिती दिली, तर उत्तर मिळण्याची शक्यता मोठी असते. यांपैकी एका गोष्टीची जरी उणीव राहिली, तरी निष्णात डॉक्टरांचा सुरा आणि उत्तम प्रयोगशाळा यांनाही मर्यादा पडतात. महाराष्ट्राच्या न्यायवैद्यकीय इतिहासातील एक गाजलेले प्रकरण हीच गोष्ट फार स्पष्टपणे दाखवते.

एका रेल्वेप्रवासाचा शेवट

पुण्याच्या शुक्रवार पेठेत लक्ष्मीबाई कर्वे या विधवा महिला राहत असत. त्यांच्याजवळ बऱ्यापैकी मालमत्ता होती. त्यांना मधुमेह होता आणि इतरही काही व्याधींनी त्यांना ग्रासले होते. त्यांच्याच घरात राहणारे डॉ. अनंत चिंतामण लागू हे त्यांच्यावर औषधोपचार करीत आणि त्यांचे आर्थिक व्यवहारही पाहत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री हे दोघे पुण्याहून रेल्वेने मुंबईस निघाले. मुंबईतील तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावयाची, हे या प्रवासाचे कारण सांगण्यात आले होते.

१३ नोव्हेंबरच्या पहाटे गाडी त्यावेळच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर पोचली, तेव्हा लक्ष्मीबाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल करण्यात आले. रुग्णालयाच्या नोंदीत मात्र लक्ष्मीबाई कर्वे हे नाव उमटले नाही. सोबत आलेल्या डॉक्टरांनी रुग्णाचे नाव इंदुमती असे सांगितले आणि आडनावही खोटे दिले. लक्ष्मीबाई पुन्हा शुद्धीवर आल्याच नाहीत. त्याच दिवशी दुपारपूर्वी, साडेअकराच्या सुमारास त्यांचा मृत्यू झाला. लघवीच्या तपासणीवरून मधुमेहजन्य मूर्च्छा हे मृत्यूचे कारण नोंदले गेले.

मृतदेह ताब्यात घेण्यासाठी कोणी नातेवाईक आला नाही. येणार तरी कोण? ज्या नावाने मृत्यूची नोंद झाली होती, त्या नावाची व्यक्तीच अस्तित्वात नव्हती. पुण्यातील खऱ्या आप्तांना काहीच कळविण्यात आले नव्हते. नातेवाईक येऊन मृतदेह नेतील असा भास निर्माण करणारे बनावट पत्र तेवढे रुग्णालयाकडे पोचले. परिणामी लक्ष्मीबाईंचा देह बेवारस ठरला आणि जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात ठेवला गेला. बेवारस मृतदेह शरीररचनाशास्त्राच्या अभ्यासासाठी वैद्यकीय महाविद्यालयांना देण्याची तरतूद १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमात होती. त्यानुसार हा देह ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाकडे गेला. तेथे मानेवर एक संशयास्पद खूण दिसली आणि ती बाब कॉरोनरला कळविण्यात आली. त्या एका खुणेमुळे २३ नोव्हेंबर रोजी, म्हणजे मृत्यूनंतर दहाव्या दिवशी, शवविच्छेदन झाले.

विष सापडले नाही

त्या शवविच्छेदनातून मृत्यूचे निश्चित कारण हाती लागले नाही. अवयव रासायनिक पृथक्करणासाठी पाठविण्यात आले. त्यांत कोणतेही विष आढळले नाही. अखेरीस मृत्यू मधुमेहजन्य मूर्च्छेमुळे घडणे शक्य आहे, असे मत देण्यात आले. कागदोपत्री प्रकरण संपले.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांपुढे असलेली माहिती कोणती होती? एक अनोळखी, बेवारस स्त्री. मधुमेहजन्य मूर्च्छेची नोंद असलेला रुग्णालयीन कागद. आणि दहा दिवस जुना मृतदेह. ही स्त्री कोण, तिची मालमत्ता किती, प्रवासात तिच्यासोबत कोण होते, तिने शेवटचे काय खाल्ले-प्यायले, तिला टोचणी दिली होती काय, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांना उपलब्ध नव्हते. शास्त्राची फसवणूक झाली होती ती मुख्यत्वे शवविच्छेदनाच्या टेबलावर नव्हे, तर त्याआधीच, खोटे नाव सांगितले गेले त्या क्षणी.

इकडे पुण्यात लक्ष्मीबाईंच्या नावाने पत्रे येऊ लागली. आपण तीर्थयात्रेस गेलो आहोत, पुनर्विवाह केला आहे आणि जयपूरजवळच्या एका गावी सुखाने राहत आहोत, अशा आशयाची ती पत्रे होती. त्याच काळात त्यांच्या मालमत्तेचा अपहार चालू होता. आप्तांना व परिचितांना या पत्रांवर विश्वास ठेवणे कठीण गेले. त्यांनी चौकशीचा आग्रह धरला, अधिकाऱ्यांकडे तक्रारी केल्या. तपासाची चक्रे फिरली आणि १९५८ साली डॉ. लागू यांना अटक झाली. परंतु तोवर पुन्हा तपासण्यासाठी मृतदेह उरला नव्हता.

सत्र न्यायालयाने आरोपीस दोषी ठरवून मृत्युदंड दिला. उच्च न्यायालयाने तो कायम केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा बचावाचा मुख्य मुद्दा हाच होता की, शवविच्छेदनात विष आढळले नाही, मग विषप्रयोग सिद्ध झाला असे कसे म्हणता येईल? १४ डिसेंबर १९५९ रोजी न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने शिक्षा कायम ठेवली. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निर्णयाचा मथितार्थ असा की, सर्वच विषे रासायनिक परीक्षेत सापडतात असे नाही. म्हणून विष न सापडणे म्हणजे विषप्रयोग न होणे असा अर्थ काढता येत नाही. वैद्यकीय पुरावा निर्णायक नसेल तेथे मृत्यूपूर्वीचे आणि मृत्यूनंतरचे वर्तन, दडवलेली माहिती आणि इतर परिस्थिती एकत्र पाहून निष्कर्ष काढता येतो. मधुमेहजन्य मूर्च्छेचे निदानही न्यायालयाने मान्य केले नाही. न्यायमूर्ती सरकार यांचे मत मात्र वेगळे पडले. मृत्यू विषानेच झाला हे निःसंशय सिद्ध झाले नाही, असे त्यांना वाटले.

ज्या ठिकाणी देशाच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्तींमध्येही मतभेद व्हावा, त्या ठिकाणी एका वेळेवर झालेल्या शवविच्छेदनाची किंमत काय असू शकते, हे वेगळे सांगावयास नको. एका माणसाचे प्राण आणि एका मृत स्त्रीला मिळावयाचा न्याय, दोन्ही त्या न मिळालेल्या उत्तरावर अवलंबून होते.

ब्रॅडफर्ड येथील उदाहरण

लक्ष्मीबाईंच्या मृत्यूनंतर सुमारे सहा महिन्यांनी, मे १९५७ मध्ये, इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड शहरात एक घटना घडली. एक विवाहित स्त्री स्नानगृहातील टबमध्ये मृतावस्थेत आढळली. तिचा पती केनेथ बार्लो हा परिचारक होता. पत्नी टबमध्ये बुडाली आणि आपण तिला वाचविण्याचा प्रयत्न केला, असे त्याचे सांगणे होते. वरकरणी तो अपघातच वाटत होता.

परंतु घटनास्थळी आलेल्यांनी डोळे उघडे ठेवले होते. मृत स्त्रीच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या होत्या. कृत्रिम श्वासोच्छ्वासाचे प्रयत्न केल्याचे पतीने सांगितले होते; पण त्याचे कपडे कोरडे होते. घरात टोचणीच्या पिचकाऱ्या सापडल्या. ही सर्व माहिती शवविच्छेदन करणाऱ्या तज्ज्ञांना तत्काळ मिळाली. पहिल्या तपासणीत मृत्यूचे कारण हाती लागले नाही, तेव्हा त्यांनी कातडीचा कण न् कण भिंगाखाली पाहिला. नितंबांवर टोचणीच्या अत्यंत बारीक खुणा आढळल्या. त्या खुणांखालील ऊतक काढून घेण्यात आले.

आता प्रश्न असा होता की, कशाचा शोध घ्यावयाचा? नेहमीच्या विषांच्या परीक्षा निष्फळ ठरल्या होत्या. लक्षणांवरून इन्शुलिनची शंका आली. परंतु मृत शरीरात इन्शुलिन ओळखण्याची कोणतीही रूढ रासायनिक पद्धत त्याकाळी नव्हती. इतकेच नव्हे, तर हृदयातील रक्तात साखर कमी नसून उलट जास्तच आढळली. इन्शुलिनने रक्तातील साखर घटते, हे लक्षात घेता ही गोष्ट कोड्यात टाकणारी होती. संशोधकांनी या विसंगतीचा पाठपुरावा केला. मृत्यूसमयी यकृतातील साखर हृदयाच्या रक्तात उतरू शकते, म्हणून तेथील साखरेवरून मृत्यूपूर्वीची स्थिती ठरविता येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. काढून घेतलेल्या ऊतकाचा अर्क उंदरांना टोचण्यात आला. इन्शुलिन टोचल्यावर दिसतात तीच लक्षणे त्यांच्यात दिसली. १९५७ च्या डिसेंबरमध्ये आरोपीस जन्मठेप झाली आणि पुढील वर्षी हे संशोधन ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मुंबई आणि ब्रॅडफर्ड येथील ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहिली असता फरक कोठे आहे हे कळून येते. दोन्हीकडे नेहमीचे विष सापडले नाही. दोन्हीकडे डॉक्टर कुशल होते. परंतु एकीकडे मृतदेह खऱ्या नावाने, घटनास्थळाच्या संपूर्ण माहितीसह आणि ताज्या स्थितीत टेबलावर आला. दुसरीकडे तो खोट्या नावाने, माहितीवाचून आणि दहा दिवसांनी आला. ब्रॅडफर्डला नेमका प्रश्न विचारता आला, म्हणून नवी पद्धत शोधण्याची प्रेरणा झाली. न्यायवैद्यकशास्त्रातील संशोधन पुष्कळदा असेच पुढे सरकते. एका मृत्यूने उभा केलेला प्रश्न पुढील अनेक मृत्यूंना उत्तर मिळवून देतो.

संशोधनाने काय दिले?

त्या काळापासून आजवर या शास्त्राने फार मोठी मजल मारली आहे. मधुमेहजन्य मूर्च्छेचाच विचार करू. मृत्यूनंतर रक्तातील साखरेवर भरवसा ठेवता येत नाही, हे ठरल्यावर संशोधकांचे लक्ष डोळ्याच्या गोलातील पारदर्शक द्रवाकडे वळले. हा द्रव शरीराच्या बंदिस्त कोपऱ्यात असतो. म्हणून रक्ताच्या मानाने तो उशिरा बिघडतो. मृत्यूनंतर त्यातील साखर कमी होत जाते. ती वाढत नाही. म्हणून या द्रवात साखर भरपूर आढळली आणि सोबत कीटोन द्रव्येही वाढलेली दिसली, तर मृत्यूपूर्वी मधुमेह बळावला होता असे मानण्यास सबळ आधार मिळतो. मात्र साखर कमी आढळली तर त्यावरून काहीच ठरविता येत नाही. याच द्रवातील पोटॅशियमचे प्रमाण मृत्यूनंतर वाढत जाते. त्यावरून मृत्यूच्या वेळेचा स्थूल अंदाजही बांधता येतो.

इन्शुलिनच्या बाबतीतही असेच घडले. शरीर स्वतः इन्शुलिन तयार करते तेव्हा त्याच्या जोडीने सी-पेप्टाइड नावाचे द्रव्यही तेवढ्याच प्रमाणात तयार होते. औषध म्हणून टोचलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसते. म्हणून इन्शुलिन फार आणि सी-पेप्टाइड थोडे आढळले, तर ते बाहेरून आले हे समजते. ब्रॅडफर्डला ज्यासाठी उंदीर लागले, ते काम आता प्रयोगशाळेतील सूक्ष्म उपकरणे करतात. वायुवर्णलेखन, द्रववर्णलेखन आणि त्यांना जोडलेली वस्तुमान वर्णपटमापके यांच्या साह्याने अत्यल्प मात्रेतील औषधे व कीटकनाशके ओळखता येतात.

शरीर न उघडता आतील स्थिती पाहण्याचे तंत्रही विकसित झाले आहे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे गेल्या शतकाच्या अखेरीस सीटी स्कॅन व एमआरआय यांचा शवपरीक्षेसाठी पद्धतशीर वापर सुरू झाला. आपल्या देशात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने २०२१ साली अशी सोय उभी केली. अस्थिभंग, शरीरात अडकलेली गोळी, अंतर्गत रक्तस्राव यांचा शोध त्यातून चांगला लागतो आणि अनेक कुटुंबांना ही पद्धत अधिक सुसह्य वाटते.

परंतु या प्रगतीने मूळ तत्त्व बदललेले नाही. स्कॅनमध्ये विष दिसत नाही. डोळ्यातील द्रव सुचला नाही तर काढला जात नाही. सर्पदंशाची शंका कोणी बोलून दाखवली नाही, तर दाताची बारीक खूण पायाच्या मळकट त्वचेत सहज निसटू शकते. उपकरण कितीही सूक्ष्म असले, तरी कोणत्या दिशेने पाहावयाचे हे माणसानेच ठरवावयाचे असते.

आपल्याकडील व्यवस्था

महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूची वार्ता खेड्यात बहुधा पोलीस पाटलामार्फत पोलीस ठाण्यात पोचते. पोलीस अधिकारी पंचांसमक्ष मृतदेहाचा पंचनामा करतात आणि गरज असेल तेथे तो शवविच्छेदनासाठी पाठवितात. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम १९४ मध्ये आहे. विवाहानंतर सात वर्षांच्या आत स्त्रीचा संशयास्पद मृत्यू झाला, तर मृतदेह वैद्यकीय तपासणीसाठी पाठविणे बंधनकारक आहे. कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यांकडे असते. मुंबईत अशा चौकशीसाठी कॉरोनरची जुनी प्रथा होती; ती १९९९ साली बंद झाली.

या साखळीत पंचनाम्याचे महत्त्व मोठे आहे. ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी घटनास्थळ पाहिलेला नसतो. त्याचे डोळे म्हणजे तो पंचनामा. मृतदेह कोणत्या स्थितीत होता, जवळ औषधाची बाटली किंवा फवारणीचा डबा होता काय, उलटी झाली होती काय, अंगावरील कपडे ओले होते की कोरडे, रुग्णालयात काही उपचार झाले होते काय, हे त्यात नेमके लिहिले असेल, तर डॉक्टरांचा प्रश्न नेमका होतो. "विहिरीत बुडून मृत्यू" एवढेच लिहून आले, तर ते उत्तर झाले, प्रश्न नव्हे. आणि आधीच उत्तर लिहिलेल्या कागदाने तपासणाऱ्याची नजर एकाच दिशेला बांधली जाते.

प्रयोगशाळेकडे पाठवावयाच्या नमुन्यांचेही तसेच आहे. विषबाधेची शंका असल्यास जठर व त्यातील अन्न, आतड्याचा, यकृताचा, मूत्रपिंडांचा भाग राखून ठेवला जातो. तपासासाठीचे हे अवयव सामान्यतः मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसाठी राखलेला ऊतकाचा तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात. या दोहोंची अदलाबदल झाली, तर विषाची परीक्षा बिघडते. रक्तात सोडियम फ्लोराइड घातले नाही, तर जंतूंच्या क्रियेने त्यातील मद्यार्काचे प्रमाण बदलू शकते. बरण्यांवर चिठ्ठी हवी, लाखेचे मोहोर हवे, वापरलेल्या द्रावणाचा नमुना वेगळा हवा आणि हस्तांतराची प्रत्येक नोंद हवी. कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असो वा नागपूर, पुणे येथील, तेथील तज्ज्ञ त्यांच्यापर्यंत जे पोचते त्याचीच परीक्षा करू शकतात. सोबतच्या पत्रात संशयित विषाचे नाव किंवा लक्षणे लिहिली असतील, तर परीक्षेची दिशा ठरते.

अहवाल लिहिताना पाहिलेले आणि अनुमानिलेले यांत भेद राखणे हा या शास्त्राचा नीतिनियम होय. "गळ्यावर अमुक लांबीची खूण आहे" हे निरीक्षण झाले; "गळा दाबला गेला" हे अनुमान झाले. पहिले कायम राहते. दुसरे नव्या माहितीने बदलू शकते. कारण निश्चित होत नसेल, तर मत राखून ठेवणे यात कमीपणा नाही. लक्ष्मीबाईंच्या प्रकरणाचा धडा हाच आहे की, विष न सापडल्याने नैसर्गिक मृत्यू सिद्ध होत नाही. उलटी व शौचावाटे विष निघून जाऊ शकते, शरीरात त्याचे विघटन होऊ शकते, त्याची मात्रा अल्प असू शकते. "आढळले नाही" आणि "नव्हते" या दोन वाक्यांमध्ये कधी कधी एका आयुष्याचे अंतर असते.

कुटुंबाचा आणि समाजाचा वाटा

शवविच्छेदनाला लागणारा विलंब आणि मृतदेहाची हेळसांड यांविषयी नातेवाइकांच्या तक्रारी असतात. त्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. सूर्यास्तानंतर शवविच्छेदन न करण्याचा जुना प्रघात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये शिथिल केला. पुरेशा प्रकाशाची व सुविधांची सोय असलेल्या रुग्णालयांत ते रात्रीही करता येते. अवयवदानाच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष उपयुक्त आहे. खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह व घातपाताचा संशय असलेली प्रकरणे मात्र, कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न नसल्यास, दिवसाच्या उजेडातच हाताळावयाची आहेत. शवविच्छेदनानंतर देह नीट शिवून, स्वच्छ करून, आच्छादून नातेवाइकांच्या स्वाधीन करणे हेही डॉक्टर व शवागारातील कर्मचारी यांच्या कामाचेच अंग आहे. शवागारात काम करणारा कर्मचारी समाजाच्या नजरेआड राहतो. परंतु मानेवरील त्या खुणेकडे कोणाचे तरी लक्ष गेले नसते, तर लक्ष्मीबाईंचे शवविच्छेदनही झाले नसते.

नातेवाइकांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मृतदेहाला अंघोळ घालण्याची, कपडे बदलण्याची किंवा अंत्यसंस्कार उरकण्याची घाई करू नये. दहन झाले की पुरावा कायमचा नष्ट होतो. बाटली, डबा, औषधाची पाकिटे, उलटीने भिजलेले कापड फेकून देऊ नये. घराण्याची अब्रू जाईल या भीतीने आत्महत्येला अपघात आणि अपघाताला आजार म्हणू नये. खोटी माहिती त्या दिवसापुरती सोयीची वाटते. परंतु शेतकरी कुटुंबाला मिळावयाचे अपघाती मृत्यूचे सानुग्रह अनुदान असो किंवा विम्याचा दावा असो, पुढे त्याच कागदावर सर्व काही अवलंबून राहते. सर्पदंशाने वा फवारणीच्या विषबाधेने कर्ता पुरुष गेलेल्या घरात त्या अहवालातील एका ओळीवर मुलांचे शिक्षण अवलंबून असू शकते.

श्रोतेहो, लक्ष्मीबाई कर्वे यांचा मृत्यू खोट्या नावाखाली नोंदला गेला आणि त्यांचा देह दहा दिवस अनोळखी म्हणून पडून राहिला. रसायनशास्त्राला त्यांच्या शरीरात विष सापडले नाही. तरीही प्रकरण मिटले नाही, कारण पुण्यातील त्यांच्या माणसांनी विचारणे थांबवले नाही. शास्त्राचे काम त्या विचारणेला वेळेवर आणि विश्वसनीय उत्तर देण्याचे आहे. ते उत्तर द्यावयाला प्रयोगशाळा अधिक सुसज्ज व्हाव्यात, वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रशिक्षण मिळावे, शवागारे स्वच्छ व थंड असावीत, हे सर्व आवश्यकच आहे. परंतु त्या सर्वांच्या आधी, मृत माणसाचे खरे नाव आणि त्याच्या अखेरच्या घटकांची खरी हकीकत त्याच्यासोबत गेली पाहिजे. तेवढे तरी जिवंत माणसांच्या हाती असते.